बागेसाठी मोठा कोयता घ्यायचाय: स्वस्त, देखणा आणि कामाचा कुठला?

तुमच्या अटी तीन: दीड हजाराच्या आत बसावा, पातं १०-११ इंच असावं आणि गावच्या घरी खुंटीला अडकवला तर येणाऱ्याजाणाऱ्याची नजर जावी. कामं लिहिलीत ती झावळ्या साफ करणं, शहाळी फोडणं आणि कुंपणासाठी बांबू तोडणं. शेवटी विचारलंत की ऑनलाइन मिळणारा ‘दमास्कस’ नक्षीचा सुरा चालेल का. नाही चालणार. आमच्या मेहुण्यांनी हौसेने घेतलेला तसाच एक दुरुस्तीला म्हणून माझ्याकडे आलाय, दोन तुकड्यांत.

तुटलाय तो मुठीच्या तोंडाशी. मूठ उभी चिरली तर आत पात्याची शेपटी (मुठीत शिरणारा भाग) जेमतेम दीड इंच, तिला ६ मिलिमीटरचा आटे पाडलेला साधा लोखंडी रॉड वेल्डिंगने जोडलेला, मागे पितळी टोपीखाली नट, आणि उरलेल्या पोकळीत इपॉक्सी. बांबूवर वार बसला की सगळा ताण मुठीच्या तोंडाशी येतो. नेमकी तिथेच काटकोनी खाच आणि खाचेला लागून वेल्डिंग. भेग अशा काटकोनातूनच सुरू होते, आणि वेल्डिंगच्या आचेने लगतचं पोलाद ठिसूळ होतं, त्याच्या थोडं पुढचं मऊ पडतं. वर्षभर टिकला हेच नवल. शेपटी मुठीच्या तोंडाशी पात्याच्या निम्मी तरी रुंद हवी, कोपरे गोलसर हवेत आणि ती मुठीतून आरपार जाऊन मागे ठोकून बसवलेली हवी. मुठीच्या बुडाशी नट दिसला की आत रॉड आहे असं समजा.

नक्षीची गंमत वेगळीच. खरं दमास्कस म्हणजे दोन जातींच्या पोलादांचे थर तापवून, ठोकून एकजीव केलेले. त्यातला निकेलवाला थर आम्लात चकचकीत राहतो, दुसरा काळा पडतो. थर आरपार असल्यामुळे नक्षी पाठीवरूनही पुढे जाते. मेहुण्यांच्या सुऱ्याची पाठ कोरी आहे. ४०० नंबरचा पॉलिश पेपर बोटभर जागेवर घासला, नक्षी गेली. खरी असती तर घासून पुसट झाली असती, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं फेरिक क्लोराइड लावल्यावर परत वर आली असती. हिच्यात परत येण्यासारखं काही नव्हतंच, नुसती छपाई होती.

आता तुम्ही काय घ्यावं. लोहाराकडून किंवा आठवडी बाजारात बसणाऱ्या घिसाड्याकडून ट्रकच्या कमानपाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) कोयता करून घ्या. पाट्याच्या पोलादात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के असतो, म्हणून ते पाणी घेतं (तापवून एकदम बुडवलं की कडक होतं) आणि वार झेलूनही लवचीक राहतं. बांधकामाच्या साध्या पट्टीत तो ०.२ टक्क्यांच्या आसपास. तिला कितीही पाणी द्या, धार वळणारच. ‘पाट्याचाच आहे’ म्हणून पट्टी गळ्यात मारणारे भेटतात. तुकडा ग्राइंडरला लावायला सांगा. पाट्याच्या ठिणग्या टोकाशी फुलबाजीसारख्या फुटतात, साध्या पट्टीच्या लांब, सरळ रेघा उडतात.

मापं पुठ्ठ्यावर कापून न्या, तोंडी सांगू नका. पातं साडेदहा इंच, पाठ मुठीपाशी ५ ते ६ मिलिमीटर आणि टोकाकडे ३ पर्यंत उतरती, मूठ धरून एकूण वजन ४५० ते ६०० ग्रॅम. पाठ टोकापर्यंत तेवढीच जाड ठेवली तर वजन पुढे जातं आणि तासाभरात मनगट भरून येतं. झावळी ओढायला टोकाला किंचित आकडा हवा, पण पोट सरळ ठेवा, नाहीतर शहाळ्यावर वार घसरतो. ऊसतोडीचा कोयता उचलू नका, त्याचं पातं पातळ असतं, बांबूला टिकत नाही. (ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात, इतकं ते हत्यार त्या धंद्याचं आहे.) आणि नारळ सोलायला कोयता वापरणार असाल तर थांबा, ते जमिनीत रोवलेल्या टोकदार सुळ्याचं काम.

पाणी फक्त धारेच्या बाजूला द्यायला सांगा, पाठ मऊच राहू दे. तापलेल्या धारेला चुंबक चिकटेनासं झालं की थोडं आणखी तापवून बुडवायचं, आणि शक्यतो तेलात. पाट्याचं पोलाद गार पाण्यात तडकू शकतं. नंतर उतरवण (हलक्या आचेवर कडकपणा थोडा कमी करणं) चुकवू देऊ नका. घासून पांढरी केलेली धार पाठीकडून हळू तापवली की आधी गवती पिवळी, मग तपकिरी, मग जांभळी होते. तोडायच्या हत्याराला तपकिरी-जांभळ्याच्या मध्ये थांबायचं. पिवळ्यावर थांबलं तर बांबूच्या पेरावर तुकडा उडतो, निळ्यावर गेलं तर धार चार दिवसांत बसते.

ताब्यात घेताना खिशात कानस ठेवा. धारेवर ती जोर लावल्यावर थोडी लागली पाहिजे. नुसती घसरली तर फार कडक, लोण्यासारखी शिरली तर पाणीच दिलेलं नाही. मग धार पितळी दांड्यावर हलक्या हाताने दाबून सरकवा. दबून परत सरळ आली तर ठीक, वाकडी राहिली तर मऊ, कपची निघाली तर ठिसूळ. शेवटी पातं दोरीला टांगून टिचकी मारा. आवाज घुमला नाही, भद्द आला, तर कुठेतरी केसाएवढी भेग आहे.

मूठ बाभळीची घ्या, शोभेसाठी शिसवी. भोक शेपटीपेक्षा लहान पाडायचं, पात्याभोवती ओलं फडकं गुंडाळून फक्त शेपटी तापवायची आणि दोन-तीन वेळा जाळत बसवायची. फडकं विसरलात तर धारेचं पाणी उतरतं. फटीत लाख आणि विटेची पूड, तोंडाला पितळी शेंबी (कडं). लाकूड पुरतं वाळलेलं नसेल तर पावसात घट्ट वाटलेली मूठ मे महिन्यात खुळखुळते. मुठीला जवसाचं तेल लावा, ते सुकतं; खोबरेल सुकत नाही, हात घसरतो. खोबरेल पात्याला ठेवा.

देखणेपण एवढ्यातच येतं: ठोक्यांच्या खुणांसकट काळी पाठ, खाली पांढरी धारेची पट्टी, पितळी शेंबी. कैरी-कोकमाच्या आंबटाने पातं काळपट होतं ते घासू नका, तो थर गंजाला थोडा तरी आडवा येतो.

धार दोन्ही बाजूंनी २० ते २५ अंश, धारेच्या उतारांना किंचित गोलाई. ग्राइंडरवर निळा डाग पडला की तेवढी जागा मऊ झाली, ती घासून काढल्याशिवाय इलाज नाही. निसण्यावर पाणी घालून पाजवा.

आता मेहुण्यांचं कायमचं पालुपद: ‘स्टेनलेस घ्या, गंजत नाही.’ गंजत नाही हे खरं, पण स्वस्तातलं मोठं स्टेनलेस पातं एक तर मऊ असतं नाहीतर वाराखाली कपचतं, आणि त्याचं पाणी चुकलं तर गावच्या भट्टीत सुधारता येत नाही. कोयत्याचा गंज दहा मिनिटांत उतरतो. तोही बहुतेक वेळा चामड्याच्या म्यानात ओला ठेवल्याने येतो; कोयता अडकवायच्या उघड्या आकडीत ठेवा. मात्र घर समुद्राला लागून असेल आणि सुरा मासळीसाठी हवा असेल तर स्टेनलेसच घ्या, तिथे मेहुणे बरोबर आहेत. हे त्यांना कळवू नका.

दोन गोष्टी राहिल्या. जुन्या पाट्याला वापराने आतून भेगा गेलेल्या असू शकतात, म्हणून मधल्या भोकाजवळचा तुकडा घेऊ देऊ नका. आणि कायदा: शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्रात मोडतं, घरगुती व शेतीसाठी बनवलेली हत्यारं वगळून. तुमचा कोयता शेतीचा आहे, पण एसटीत तो कमरेला लावून बसू नका. गोणपाटात बांधून सामानात ठेवा. पुण्यासारख्या शहरात दुकानदाराने आधार कार्ड मागितलं तर दाखवा. दमास्कसवाला अजून पोचला नसेल तर ऑर्डर रद्द करा.