शाळेत लैंगिक शिक्षण नको असा कायदा सरकारने आणला, तर कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या पालकांनी काय करावं?

विरोध करावा, आणि लेखी करावा. 2007 मध्ये केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम कर्नाटकाने अडवला, महाराष्ट्रानेही. सीमेच्या दोन्ही अंगांना मुलं सारखीच वाऱ्यावर.

मी मराठी शाळेत शिकवते. सहावीतल्या एका मुलीला वर्गात पाळी आली. आपल्याला मोठा आजार झालाय असं समजून तिने दोन दिवस घरीसुद्धा सांगितलं नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा 2012 पासून आहे, पण कुणी कुठे हात लावला हे सांगायला त्या अवयवाचं नाव तरी लेकराला माहीत हवं ना? ‘हे आपल्या संस्कृतीत नाही’ म्हणणाऱ्यांना र. धों. कर्वेंची आठवण करून द्या. त्यांनी 1927 सालीच या विषयावर मराठीत मासिक काढलं होतं.

सरकारी शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीत, पालकच जास्त असतात. तिथे ठराव करून घ्या, प्रत बीईओ (गटशिक्षणाधिकारी) आणि आमदारांना द्या. बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की निवेदन घेऊन जा. निवेदन कन्नडमध्येही लिहा आणि कन्नड शाळेतल्या पालकांच्याही सह्या घ्या. त्यांच्या मुलींचीही हीच अडचण आहे.