‘मेहेर’ आणि ‘मेहेरबान’: मूळ एक की दोन?

मुस्लिम लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायचा ‘मेहेर’ आणि ‘मेहेरबान’मधला ‘मेहेर’ एकच का, असा प्रश्न आला आहे.

मुळं वेगळी आहेत. लग्नातला ‘महर’ अरबी. हिब्रूतला ‘मोहर’ त्याचाच भाऊबंद. ‘मेहेरबान’मधला ‘मेह्र’ अस्सल फारसी, अर्थ माया, प्रेम, शिवाय सूर्यही. तो प्राचीन ‘मिथ्र’पासून आला, म्हणजे वेदांतल्या ‘मित्र’ देवाच्या घरचाच.

पण इराणात हे दोन शब्द एकमेकांत मिसळलेत. फारसीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे लेखनात दोन्ही हुबेहूब सारखे. त्यात बोलताना महरला सर्रास ‘मेह्रिये’ म्हणतात. अरबी करारातली रक्कम फारसी मायेच्या उच्चाराने बोलली जाते, हे मला फार सुंदर वाटतं.

व्यवहार मात्र रोखठोक. मेह्रिये ठरते बहुधा ‘बहार-ए-आझादी’ या सोन्याच्या नाण्यांत: कुणी १४ मासूमांच्या (शिया परंपरेतले निष्पाप: पैगंबर, फातिमा आणि बारा इमाम) नावाने १४ नाणी लिहितं, कुणी वधूच्या इराणी पंचांगातल्या जन्मसालाएवढी, म्हणजे तेराशेच्या वर! लग्नाच्या बोलणीत वडीलधारे म्हणतात, ‘मेह्रिये रो की दादे, की गेरेफ्ते?’ (मेहेर दिलाय कोणी नि घेतलाय कोणी?). खरी किंमत कळते ती संसार मोडताना. तलाकचा अधिकार कायद्याने मुख्यतः नवऱ्याकडे; बायकोच्या हातात उरते ती ही थकलेली रक्कम. म्हणून दुसरी म्हण: ‘मेहरम हलाल, जूनम आझाद’, मेहेर तुला माफ, माझा जीव मोकळा कर. मेह्रिये थकवल्याबद्दल नवरे तुरुंगात जाऊ लागले, तेव्हा २०१३च्या कौटुंबिक संरक्षण कायद्याने सक्तीच्या वसुलीला ११० नाण्यांची मर्यादा घातली. त्यापुढचं मागायचं तर नवऱ्याची ऐपत दाखवावी लागते. ११० हा आकडाही उगाच नाही, अब्जद गणनेत, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याच्या पद्धतीत, शियांचे पहिले इमाम ‘अली’ यांच्या नावाचं ते मूल्य.

मुदतीच्या लग्नात, म्हणजे ‘सीगे’त, मेह्रिये ठरवली नाही तर लग्नच रद्द, कायमच्या लग्नात तसं नाही.

मराठीत लिहिताना मेहेरला ‘हुंडा’ म्हणू नये. हुंडा मुलीकडून जातो, मेहेर मुलीला मिळतो. इराणी वधू माहेराहून संसाराचं सामान आणते त्याला ‘जहीझिये’ म्हणतात, आणि हिंदीतला ‘दहेज’ त्याच कुळातला आहे.