ॲरिझोनातल्या कोरड्या रँच मुलखाचे जुने टोपो नकाशे (जमिनीचा चढउतार, पाणी, रस्ते दाखवणारे सरकारी नकाशे) पाहून तिथला इतिहास कसा शोधायचा?

आधी निळा रंग, म्हणजे पाणी, बघा. तिथे पाणी ज्याच्या ताब्यात, भोवतालची चराईही त्याचीच. त्यामुळे पहिल्या फेरीत मी फक्त ‘विंडमिल’, ‘वेल’, ‘स्प्रिंग’ आणि ‘टँक’ टिपतो. हा ‘टँक’ म्हणजे लोखंडी टाकी नव्हे. बहुतेकदा ओढ्यावर मातीचा बांध घालून गुरांसाठी अडवलेलं पाणी असतं ते. त्याला कुणाचं आडनाव असेल आणि शेजारी कोरल (गुरांचा कोंडवाडा) दिसत असेल, तर नाव लिहून घ्या, पण मालक तोच असं लगेच धरू नका.

यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) टोपोव्ह्यू साइटवर त्याच जागेचे वेगवेगळ्या सालांचे नकाशे फुकट मिळतात. 15 मिनिटांची (अक्षांश-रेखांशाच्या अंशाचे मिनिट, वेळेचे नव्हे) शीट 1:62,500 ची, साडेसात मिनिटांची 1:24,000 ची. दुसरीवर 1 सेंमी म्हणजे 240 मीटर. समासातली सालं नीट वाचा: हवाई फोटोंचं वेगळं, प्रत्यक्ष पाहणीचं वेगळं, छपाईचं वेगळं. जांभळ्या रंगातली दुरुस्ती सहसा नुसत्या फोटोंवरून केलेली असते, जागेवर कुणी गेलेलं नसतं. 2009 पासूनच्या नव्या मालिकेत विंडमिल आणि कोरल बहुतेक गायबच आहेत; त्यावरून ‘पाडलं असेल’ म्हणाल तर फसाल.

खरं घबाड सेक्शनच्या आकड्यात आहे. टाउनशिप, म्हणजे सरकारी मोजणीतला जमिनीचा चौकोन, 6 मैल बाय 6 मैलांची, तिचे 36 सेक्शन, प्रत्येकी साधारण 640 एकर. ईशान्य कोपऱ्यात 1, तिथून पश्चिमेला 6 पर्यंत, 6 च्या खाली 7, मग उलट पूर्वेकडे, असं नागमोडी. टाउनशिप (उत्तर-दक्षिण क्रमांक), रेंज (पूर्व-पश्चिम क्रमांक) आणि सेक्शन हे तिन्ही आकडे जनरल लँड ऑफिसच्या, म्हणजे सरकारी जमिनी वाटणाऱ्या जुन्या खात्याच्या, ऑनलाइन नोंदींत टाका. पेटंट, म्हणजे सरकारने दिलेला मालकीचा दस्त, निघाला तर नाव, तारीख आणि कायदाही कळतो: 1916 चा असेल तर चराईसाठी 640 एकरांपर्यंत, 1877 चा असेल तर पाणी आणून ओलिताखाली आणायची जमीन. पण पेटंटची तारीख म्हणजे वस्तीची तारीख नव्हे. होमस्टेडवर (राहून कसण्याच्या अटीवर सरकारने दिलेल्या जमिनीवर) आधी 5 वर्षं, 1912 पासून 3 वर्षं राहून दाखवावं लागे, तेव्हा घर त्याआधीचंच. सेक्शन 2, 16, 32, 36 मध्ये काही सापडलं नाही तर दचकू नका, ते शाळांसाठी राज्याला दिलेले होते. तिथे राज्याच्या भाडेपट्ट्यांचे कागद शोधा.

जागेवर जाणार असाल तर जीपीएसमध्ये एनएडी 27 हा डेटम (जागेचे आकडे मोजायचा पायाभूत संदर्भ) निवडा; जुन्या शीट त्यावरच बेतलेल्या असतात. जुन्या शीटवरचे यूटीएम (मीटरमध्ये जागा सांगणारे) आकडे आधुनिक डेटमवर टाकले की सुमारे 200 मीटर चुकतात, आणि झुडपांत पडकी विहीर शोधताना ती हुकायला तेवढं पुरतं.