जुन्या मारुती 1000 चा चिरलेला बंपर दुरुस्त करावा की फायबरचा नवा बसवावा?

तुमच्याकडे वडिलांची 1992 ची मारुती 1000 आहे, पुढचा बंपर डाव्या चाकाकडच्या बाजूला वीतभर चिरलाय, आतला एक कान (बंपर गाडीला धरणारा भाग) तुटलाय आणि डेंटर म्हणतो, "काढून टाका, फायबरचा बसवून देतो." माझं मत विचाराल तर बंपर फेकू नका. कंपनीचा मूळ बंपर एकदा भंगारात गेला की तसा पुन्हा मिळवायला बरीच पायपीट होते.

डेंटरचंही चूक नाही. प्लॅस्टिक वेल्डिंगला वेळ लागतो, फायबरचा बंपर तासाभरात लागतो. पण तो कडक असतो. मूळ बंपर दाबला की आत जातो आणि परत येतो. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगच्या रॅम्पवर फायबरचा एकदा घासला की टवका उडतो. शिवाय भोकं हातानं पाडलेली असतात, त्यामुळे एका बाजूला फेंडरशी फट दिसते आणि दुसऱ्या बाजूला रंग घासतो. आणखी एक: गॅरेजात साध्या प्लॅस्टिकलाही फायबर म्हणतात. म्हणून दुकानात वस्तू दाबून बघा आणि मागची बाजू पाहा. काचतंतूंची जाळी दिसली तर तो ग्लास फायबर.

आता पहिलं काम म्हणजे बंपर कशाचा आहे ते ओळखणं. तो उतरवा, मागून साबणानं धुवा आणि कोरलेली अक्षरं शोधा. पीपी (PP) किंवा पीपी+ईपीडीएम (PP+EPDM, म्हणजे रबर मिसळलेलं) असेल तर पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे वेल्डिंगला सोपं. काहीच लिहिलं नसेल तर मागच्या कडेचा बारीक तुकडा कापून पाण्यात टाका. साधं पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं. प्लॅस्टिकात मिसळलेली भुकटी जास्त असेल तर बुडूही शकतं, म्हणून दुसरी खूण बघा. गरम सोल्डरिंग आयर्न टेकवा. पॉलिप्रॉपिलीन वितळून मेणासारखं ओघळतं. न वितळता नुसता धूर झाला तर ते बहुधा पॉलियुरेथेन. हे करताना खिडकी उघडी ठेवा, तो धूर नाकात घ्यायचा नाही.

पॉलियुरेथेन तुमच्या गाडीत सापडेल असं मला वाटत नाही, पण आयात केलेली गाडी असणाऱ्यांसाठी सांगतो. अमेरिकेत 1973 च्या मॉडेलपासून नियम आला की ताशी 5 मैलांनी पुढून धडक बसली तरी दिवे वगैरे शाबूत राहिले पाहिजेत. 1974 पासून एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला जे काळे जाडजूड बंपर आले, ते त्यामुळेच: आत पोलाद, बाहेर पॉलियुरेथेन. ते वितळवून जोडता येत नाहीत. त्यांना दोन भागांचा लवचीक पॉलियुरेथेन गोंदच लागतो. जुनाट होऊन भुगा होऊ लागले असतील तर त्यावर पैसे घालू नयेत.

तुमच्या बंपरकडे परत येतो. वेल्डिंगच्या आधी आतली लोखंडी ब्रॅकेट सरळ आहेत का ते बघा. धडकेत ती वाकतात, मग बंपर बोल्टनं ओढून बसवला जातो, सतत ताणात राहतो आणि दुरुस्त केलेली चीर सहा महिन्यांत पुन्हा उघडते. दोष मात्र वेल्डरला लागतो. ब्रॅकेट सरळ करा, बंपर हातानं सहज जागेवर बसला पाहिजे.

मग चिरेच्या टोकाला छोटं भोक पाडा, म्हणजे ती पुढे धावत नाही. दोन्ही कडा आतल्या बाजूनं व्ही आकारात तासा. चिरेत वितळवून भरायची सळई त्याच प्लॅस्टिकची हवी. पुण्याच्या नाना पेठेत सळई नाही मिळाली, तर जुन्या बाजारातून तीच अक्षरं असलेला मोडका बंपर आणून त्याच्या पट्ट्या कापा, उत्तम चालतात. पॉलिप्रॉपिलीन साधारण 160 ते 165 अंशांना वितळतं. सळई आणि मूळ भाग दोन्ही एकत्र वितळले पाहिजेत, नुसती सळई वरून ओतली तर ती पापुद्र्यासारखी निघते. मागून स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी गरम करून रुतवा आणि वर सळईचा थर द्या. कानालाही तेच, पण जाळी कानापलीकडे बोटभर जाऊ द्या. एम-सील किंवा झटपट चिकटणारा गोंद पॉलिप्रॉपिलीनला धरत नाही, तो नाद सोडा. चीर मिटवताना कोपरा वाकडा राहिलाय असं वाटलं तर मागून उकळतं पाणी सोडून, जाड हातमोजे घालून दाबा, आकार बराचसा परत येतो.

पुढून फार घासू नका. बंपर रंगवलेला नसून दाणेदार काळा असेल तर ते दाणे जातील आणि नुसत्या रंगानं परत येणार नाहीत. सगळं काम मागून करा आणि पुढची बारीक रेघ राहू द्या. मला तरी ती रेघ चकचकीत लिंपलेल्या बंपरपेक्षा बरी वाटते.

रंगवायचा असेल तर पेंटरला तीन गोष्टी आधी सांगा. पत्र्याची नेहमीची पुट्टी नको, बंपरची लवचीक पुट्टी हवी. उघड्या पॉलिप्रॉपिलीनवर आधी प्लॅस्टिक प्रायमर, नाहीतर गाडी धुताना प्रेशरच्या पाण्यानं सालं निघतील. आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग नको, हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) रंग, त्यात रंगाच्या कंपनीनं सांगितलं असेल तेवढं फ्लेक्स ॲडिटिव्ह, म्हणजे रंग लवचीक ठेवणारं द्रव्य. जुन्या गाड्यांवर पॉलिशमधलं सिलिकॉन मुरलेलं असतं, त्यामुळे प्रायमरच्या आधी डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण) मारायलाच हवा. पावसाळ्यात दमट हवेत हे काम उघड्या शेडमध्ये करू नका, दिवाळीनंतर करा.

बदलणंच भाग पडलं, म्हणजे दोन्ही कान गेले किंवा तुकडाच हरवला, तर वापरलेला मूळ बंपर शोधा. नाना पेठेत फोटो आणि मापं घेऊन जा. रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजारात नजर टाका. मारुती एस्टीमचा बंपर "हाच बसतो" म्हणून देतील. पैसे देण्याआधी तुमच्या ब्रॅकेटवर लावून बघू द्या म्हणावं. आणि पुढे लोखंडी गार्ड लावून घ्या असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलंय, आणि गार्ड असला की धडकेचा भार थेट चासीवर जातो.

मागच्या बाजूची अक्षरं आणि तुटलेल्या कानाचा फोटो टाकलात तर सळई कुठली घ्यायची ते सांगता येईल.