नवरीचा पहिला शेला: एवढंच बघ

अगं, घाबरू नकोस. शेला घ्यायच्या व्हिडिओतल्या सगळ्या पद्धती आत्ता बाजूला ठेव आणि एकच नीट जमव: नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर, शेला उजव्या.

आधी वजन बघ. दुकानात सगळ्या जरीकामाला भुलतात. पण पैठणी मुळातच भारी, त्यावर खड्यांचा शेला आला की खांदा तासाभरात भरून येतो. शिवाय लग्नात याच शेल्याची नवऱ्याच्या उपरण्याशी गाठ मारतात. टोकाला मणी-गोंडे गच्च असले तर ती गाठ बसत नाही, बसली तर सुटत नाही. म्हणून मऊ रेशमी शेला घे, साधारण अडीच मीटरचा, आणि दुकानातच टोकाला सैलशी गाठ मारून बघ. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू दे.

रंग साडीच्या काठाशी जुळव. पिवळ्या साडीवर लाल किंवा हिरवा, डोळे झाकून.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- सेफ्टी पिन थेट रेशमात टोचणं. आतून कापडाचा छोटा तुकडा धर आणि ब्लाउजही पिनेत पकड, नाहीतर धागा ओढला जातो.
- शेल्याच्या निऱ्या आयत्या वेळी घालणं. आदल्या रात्रीच घालून, पिना लावून ठेव.
- फक्त आरशासमोर उभं राहून बघणं. लग्नात बराच वेळ पाटावर बसायचंय, तेव्हा मांडी घालून, वाकून, उठून बघ.

डोक्यावरून घ्यायची ओढणी, दोन दुपट्टे वगैरे रिसेप्शनच्या लेहेंग्याच्या वेळी बघू. साडीचा फोटो टाक, रंग सांगते.