पोर्ट करणे : बंदर नव्हे, उतार

प्रश्न असा आहे : "लॅझारसमध्ये (पास्कल भाषेत प्रोग्राम लिहायचं साधन) विंडोजवर लिहिलेला हिशेबाचा प्रोग्राम मी लिनक्सवर चालता केला. याला पोर्ट करणं म्हणतात. मित्र म्हणतो, मराठीत 'बंदरीकरण' म्हण. चालेल का?"

नाही चालणार. मित्राने कोश उघडला, 'पोर्ट'पुढे पहिला अर्थ 'बंदर' दिसला आणि कोश मिटला. हे क्रियापद 'पोर्टेबल'मधून आलं आहे, म्हणजे लॅटिन 'पोर्तारे', वाहून नेणे. बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेतल्या जॉन्सन आणि रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली इंटरडेटा कंपनीच्या संगणकावर नेली आणि १९७८ साली त्यावर निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'पोर्टेबिलिटी' आहे. त्या निबंधात गलबतं नाहीत. नेटवर्कचा पोर्ट आणखी वेगळा, तो 'पोर्ता' म्हणजे दार. तो इथे नको.

त्याआधी रोज कानावर आदळणारा एक घोळ. १९०० वर एसएमएस पाठवून नंबर पोर्ट करायची सवय लागल्यापासून लोकांना वाटतं, की पोर्ट करणं म्हणजे वस्तू आहे तशी उचलून दुसरीकडे ठेवणं. नंबराच्या बाबतीत ते खरं आहे, दहा आकडे तेच राहतात. प्रोग्रामचं तसं नाही. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं 'वाइन' नावाचं साधन आहे. विंडोजची एक्झी फाइल वाइनखाली उघडली आणि 'लिनक्सवर पोर्ट केलं' म्हणून सांगितलं, की माझं डोकं उठतं. वाइनखाली प्रोग्रामचा एक बाइटही बदलत नाही, मग पोर्ट काय केलंत? तुम्ही मात्र केलंत. कोडमधलं 'विंडोज' हे युनिट, म्हणजे फक्त विंडोजचा तयार कोड, काढून एलसीएलची, म्हणजे लॅझारसच्या स्वतःच्या लायब्ररीची, युनिटं घातली असतील, 'सी कोलन बॅकस्लॅश' असा ठोकून बसवलेला पत्ता सोडवला असेल. फाइलच्या नावातलं मोठं 'यू' आणि छोटं 'यू' विंडोजला एकच, लिनक्सला दोन, तिथेही अडला असाल. एवढं झालं की तोच फॉर्म विंडोजवर विंडोजची बटणं घेतो आणि लिनक्सवर जीटीके किंवा क्यूटी या बटणं-खिडक्या पुरवणाऱ्या लायब्रऱ्यांची.

बोरलँडचं किलिक्स आठवतं का? बोरलँडचंच डेल्फी, विंडोजवर पास्कलमध्ये प्रोग्राम लिहायचं साधन, २००१ साली लिनक्सवर आणलं ते. त्यात बनवलेले प्रोग्राम क्यूटीवर बेतलेल्या सीएलएक्स या लायब्ररीवर चालायचे, म्हणजे खरे लिनक्सचे. पण ज्या खिडकीत बसून ते लिहायचे, ती खिडकी वाइनच्या लायब्ररीवर उभी! आणि किलिक्स म्हणजे ग्रीकांचा द्राक्षासव, म्हणजे वाइन, प्यायचा पेला. नाव ठेवणाऱ्याला हे सुचलं होतं की नाही, देव जाणे.

आता मूळ मुद्दा. 'पोर्तारे' वाहून नेणे, 'पोर्तुस' बंदर, 'पोर्ता' दार ही तिन्ही भावंडं. त्यांचा मूळ भारोपीय (संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या पूर्वज भाषेतला) धातू 'पेर्', पलीकडे जाणे. इंग्रजीतला 'फोर्ड', म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, त्याच धातूचा. नॉर्वेचा 'फ्योर्ड', म्हणजे जमिनीत आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी, हाही त्याचाच, आणि क्यूटी जन्माला आलं ते नॉर्वेतच. संस्कृतात हाच धातू 'पृ', पारयति, आणि आपला 'पार'. म्हणजे 'पोर्ट' परका नाहीच, तो 'पार'चा चुलतभाऊ आहे. काम पार पाडणं आणि प्रोग्राम पोर्ट करणं, आजोबा एकच.

पण 'पार करणे' म्हटलं की अडथळा ओलांडल्यासारखं वाटतं, म्हणून मी 'उतरवणे' म्हणतो. नदीला उतार आहे असं गावाकडे म्हणतात, तेव्हा पाणी ओलांडण्याजोगं आहे एवढाच अर्थ असतो. हा 'उतार' म्हणजे अर्थाने नेमका 'फोर्ड'! त्याच घरातले उतारू आणि वहीतला उतारा. मजकूर एका कागदावरून दुसऱ्यावर गेला की तो उतरवला. या शब्दात वाहून नेणंही आहे आणि नव्या जागी पाय टेकणंही.

इथे काही विद्वान हात वर करतात, की 'उतरणे' हे 'अवतरण'चं रूप, त्यात फक्त खाली येणं आहे. वाचायला बरं वाटतं, टिकत नाही. दोन स्वरांमधला एकटा 'त' प्राकृतात गळतो, 'अवतरति'चं 'ओअरइ' होतं. आपल्या 'उतरणे'त 'त' शाबूत आहे, कारण मुळात तो जोडाक्षरात होता : उद् अधिक तॄ, उत्तरति, पाण्यातून पलीकडे काठावर येणे. खाली येण्याचा अर्थ मागाहून चिकटला. हे न बघता व्युत्पत्ती सांगणाऱ्यांनी निदान ती छापू नये.

हा, तुमचा प्रश्न. 'हिशेबाचा प्रोग्राम लिनक्सवर उतरवला' असं लिहा. साधनाबद्दलही हेच चालतं : जीसीसी हा कंपायलर, म्हणजे कोडचा यंत्राला चालेल असा प्रोग्राम बनवणारं साधन, विंडोजवर उतरवला, त्याचं नाव मिंजीडब्ल्यू. 'डाउनलोड'लाही काही जण 'उतरवणे' म्हणतात, ते त्यांनी सोडावं, त्याला 'डाउनलोड' पुरेसा आहे. 'उतरवणे' नकोच असेल तर 'पोर्ट केला' खुशाल लिहा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त चिठ्ठीत तुम्ही दोनदा 'पोर्टींग' लिहिलंय. पुढे अनुस्वार आहे, वेलांटी पहिली.