सेन्सर मागवण्याआधी ती बारीक नळी बघा

वॉशिंग मशीनमध्ये पाण्याची पातळी ओळखणाऱ्या सेन्सरची ऑर्डर दिली असेल तर तूर्त थांबवा, आणि बोर्डाचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचं, तर नावच काढू नका.

तुम्ही सांगितलंय ते असं: टॉप लोड मशीन, सात वर्षांचं. पहिल्यांदा पाणी बरोबर घेतं, पण धुता धुता मधूनच पुन्हा घेऊ लागतं, घेतच राहतं, आणि शेवटी पाण्याच्या पातळीचा एरर देऊन बोंबलतं. पाणी पूर्ण काढून परत लावलं की सुरुवात पुन्हा ठीक. टेक्निशियनने वरचं पॅनेलही न उघडता 'बोर्ड गेला' म्हणून सांगितलं. यात 'पहिल्यांदा बरोबर घेतं' हे सगळ्यात कामाचं वाक्य. सेन्सर किंवा बोर्ड गेला असता तर तो बहुतेक पहिल्यांदाच चुकला असता. मात्र एक गोष्ट तुम्ही सांगितलेली नाही: एरर येतो तेव्हा टबात पाणी किती असतं? नेहमीइतकंच, की पार काठापर्यंत? सगळं तिथेच अडलंय.

हा सेन्सर पाण्याला कधी शिवतच नाही. तो वर, बटणांच्या पॅनेलमागे कोरडा बसलेला असतो. टबाच्या तळाशी एक छोटी हवेची कुपी असते, तिथून एक बारीक नळी वर सेन्सरपर्यंत जाते. पाणी चढलं की कुपीतली हवा दाबली जाते, तो दाब नळीतून वर जातो, सेन्सरमधला रबरी पडदा हलतो. जुन्या मशीनमध्ये त्यावर एक स्विच 'टिक' करायचा. आताच्या मशीनमध्ये पडद्याबरोबर एका कॉइलमधला गाभा सरकतो आणि बोर्डाला जाणाऱ्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलते. दाब किती? 30 सेंटिमीटर पाण्याचा साधारण 3 किलोपास्कल, म्हणजे आपल्या आजूबाजूच्या हवेच्या दाबाच्या जेमतेम 3 टक्के. एवढ्याशा दाबावर सगळा हिशोब, म्हणून नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी पुरतं. हवा हळूहळू निसटते, सेन्सरला वाटतं पाणी कमी झालं, आणि बोर्ड बिचारा प्रामाणिकपणे आणखी पाणी सोडतो.

तेव्हा आधी ठरवा की सेन्सर खोटं बोलतोय की खरं. टब रिकामा, कपडे अजिबात नकोत (सुती कपडे पाणी पितात आणि मोजमाप बिघडवतात). पाणी भरू द्या, धुणं सुरू झालं की पॉज करा, झाकण उघडा आणि टबाच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मुलांच्या कंपासमधल्या पट्टीने मोजा. वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. मशीन बंद करायचं नाही, फक्त पॉज.

पाणी खाली गेलेलं दिसलं तर सेन्सर अगदी खरं बोलतोय. मागच्या ड्रेन पाइपचं टोक बघा, धार किंवा थेंब लागलेला असेल. ड्रेन व्हॉल्व्हमध्ये नाणं, सेफ्टी पिन, धाग्यांचा गुंता असं काहीतरी अडकून तो पूर्ण मिटत नाही, एवढंच. पाणी जागच्या जागी आहे, आणि तरी पॉज काढल्यावर मशीनने आणखी पाणी घेतलं, तर नळी. माझी पैज नळीवरच आहे.

आता प्लग काढा. बटण बंद करणं वेगळं आणि प्लग काढणं वेगळं. ओल्या मोरीत अनवाणी उभं राहून पॅनेल उघडायचं असेल तर हा फरक महत्त्वाचा. टब पूर्ण रिकामा करून नळी दोन्ही टोकांनी सोडवा. एका टोकावर अंगठा दाबा, नळी बादलीत बुडवा आणि दुसऱ्या टोकातून फुंका. सायकलच्या पंक्चरवाल्याची पद्धत. बुडबुडा दिसला की चोर सापडला. चीर बहुधा टोकाशीच असते, कारण तिथे रबर ताणलेलं राहून कडक होतं. तसं असेल तर सेंटिमीटरभर कापून टाका आणि परत घट्ट बसवा, खर्च शून्य. चीर मध्ये असेल तर नवी नळी घाला, आतला व्यास तोच हवा. मेडिकलमधून सलाइनची नळी आणून लावतात तीही चालते, पण वर्षभरात ती कडक होते, म्हणून तात्पुरतीच समजा.

माझ्या बहिणीच्या मशीनची नळी उंदराने कुरतडली होती. खालून जाळी नव्हती, उंदीर थेट आत. तिचीही लक्षणं हुबेहूब तुमच्यासारखी, आणि तिलाही बोर्डाचा खर्च सांगितला गेला होता. मी पॅनेल उघडलं तर नळीवर दातांच्या बारीक खुणांची रांग, आणि खाली मोटरजवळ कागदाच्या कपट्यांचं छान मऊ घरटं. तुमच्या मशीनखालीही एकदा टॉर्च मारा.

नळी सोडवलीच आहे तर कुपीचं तोंडही बघा. बोअरचं जड पाणी, वर मापाबाहेर पावडर, त्यावर सुगंधी कंडिशनर, या तिन्हीचं मिळून तिथे खरवसासारखं थरथरणारं करड्या रंगाचं काहीतरी जमतं. त्याने उलटा त्रास होतो: पाणी गेलं तरी दाब अडकून राहतो आणि मशीन पिळायलाच तयार होत नाही. कोमट पाणी सोडून साफ करा. फुंकायचं ते टबाच्या दिशेने. सेन्सरमध्ये जोरात फुंकलंत किंवा कॉम्प्रेसरची हवा मारलीत तर पडदा जाईल, आणि मग सेन्सर खरंच मागवावा लागेल.

एवढं करूनही फरक नाही पडला तर सेन्सरचा कनेक्टर उपसा. पिनांवर हिरवट बुरा दिसला तर जुन्या टूथब्रशने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने घासा. मल्टिमीटर असेल तर कॉइल तुटलेली नाही एवढं तपासा. कॉइलच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटरने जोडणी दाखवलीच नाही तरच नवा सेन्सर.

परत जोडताना एक चूक जवळजवळ सगळे करतात, मीही केली आहे. टबात पाणी असताना नळी लावायची नाही. लावलीत तर आत अडकलेली हवा त्या पाण्यालाच शून्य समजते, आणि मशीन तिथून पुढे मोजून वरपर्यंत भरतं. माझी मोरी तशीच भरली होती, आणि सासूबाई दारात उभ्या होत्या. टब ठणठणीत रिकामा, मग नळी, मग प्लग. पहिल्या भरणीला नळावर हात ठेवून उभे राहा, आणि पट्टीवरचे दोन्ही आकडे मला कळवा.